उंदीर घ्यायचे तर नरच

सोमवार, ३ फेब्रुवारी

कवळीच्या साच्याचं प्लास्टर घट्ट व्हायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात लिहिते. ही वही कवळ्यांचं सामान विकणाऱ्याने फुकट दिलेली, पहिल्याच पानावर हसणारा जबडा छापलाय. घरी नेणार नाही. इथे कारखान्यातच मेणाच्या खणात ठेवीन, त्या खणात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

एकदाच लिहून टाकते. तेरा दिवसांपूर्वी अंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या जरा अलीकडे, हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नाही. साबणामुळे भास झाला असेल म्हणून हात धुऊन परत बघितलं. होती. माझी बोटं या बाबतीत चुकत नाहीत, हेच वाईट. वीस वर्षं लोकांच्या कवळ्या घासतेय. कागदाच्या जाडीएवढा उंचवटा राहिला तरी मला कळतो, आणि तो काढला नाही तर म्हाताऱ्या माणसाची हिरडी सोलवटून निघते.

कुणाला सांगितलेलं नाही. ताईने तिच्या गाठीचं सांगितलं होतं. ज्या दिवशी सांगितलं, त्या सकाळी ती कपड्यांची ओली बादली घेऊन दोन मजले चढली होती. संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं आणि त्या घटकेपासून ती आजारी झाली. चौदा महिन्यांत संपली. सांगेपर्यंत माझी बहीण धडधाकट होती. कुणी म्हणेल हा काय वेडेपणा. असेल. पण मी ते डोळ्यांनी बघितलंय.

आता पुन्हा या विषयावर लिहायचं नाही.

वही उघडली ती खरं तर दुसऱ्याच कारणासाठी. लेकीला उंदीर हवेत. पाळायला. तेरा वर्षांची घोडी झाली, पण एकदा सूर लावला की थांबत नाही, म्हणून तिच्या बाबांनी तान्हेपणीच तिचं नाव टिटवी ठेवलंय. गेल्या वर्षी तिला मांजर हवं होतं. महिनाभरात उंदरांवर कशी घसरली देव जाणे. मला उंदराची शेपटी नुसती दिसली तरी पोटऱ्यांत गोळे येतात. पण हा, म्हणजे तिचा बाप, लगेच म्हणाला, "बघू की जाऊन." लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्टच्या खड्ड्यात रोज चार उंदीर भेटत असतील, त्याला काय.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गेलो होतो. मी आणि टिटवी. एका निवृत्त शिक्षिकेकडे, भूगोल शिकवायच्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातली एक माणसाची, एक उंदरांची. टिटवी त्यांना तोंडावरच उंदीरबाई म्हणाली आणि त्यांना ते आवडलं.

वास मला वाटला तेवढा नव्हता, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. पण आवाज. भिंतभर पिंजरे, आणि सगळीकडून ते कुरतडणं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

उंदीरबाई वर्गात बोलतात तशा बोलतात. "पहिलं ठरवा, मांडीवर बसणारा हवा की पडद्यावर चढणारा. नर म्हणजे आळशी काका. खाल्लं, मांडीवर आला, आडवा झाला. अंगाने मोठा, केस जाड. फक्त जाईल तिथे थेंब टाकून सही करतो. माद्या तुकतुकीत असतात, हुशार असतात, पण त्यांना बूड टेकणं माहीत नाही. दार उघडं राहिलं की तुमच्या पर्सची झडती झालीच म्हणून समजा. एकटा कधी ठेवायचा नाही, झुरतो. आणि नर-मादी एकत्र तर नाहीच, महिन्याभरात तुम्ही मला डझनभर परत आणून द्याल."

टिटवी मान डोलवत होती. हे सगळं तिला आधीच ठाऊक असावं.

"आणि एक सांगायलाच हवं," उंदीरबाई म्हणाल्या. "माद्यांना गाठी येतात. पोटाला, काखेत, इथे." त्यांनी स्वतःच्या अंगावर बोटं टेकवून दाखवलं. "वय झालं की माझ्या निम्म्या माद्यांना तरी आल्यात. बहुतेक साध्या निघतात, काढता येतात. पण लवकर हाताला लागायला हव्यात. म्हणून दर रविवारी अंगावरून बोटं फिरवायची. कंटाळा करायचा नाही."

माझे कान गरम झाले. मी विचारलं, "नरांना?"

"क्वचित."

"मग नरच द्या."

"माद्या," टिटवी म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, उंदरांकडे नाही. हट्टी कार्टी.

उंदीरबाई म्हणाल्या, घरी जाऊन ठरवा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ठरत नाही. जेवताना रोज तोच विषय. सासूबाईंचं म्हणणं, "आम्ही जन्मभर उंदरांना औषध घातलं, आता त्यांना दूधभात घाला." त्यांची कवळी मीच केलेली. राग आला की त्या ती काढून ताटाशेजारी ठेवतात, मग पुढचं भाषण नुसतं हवेत जातं. तरी त्या नरांच्या बाजूने आहेत, कारण "पोरींच्या पाठीमागे धावायचं वय राहिलं नाही माझं."

मी माझी कारणं सांगितली. नर शांत. नर मांडीवर बसतो. टिटवीचा अभ्यास होईल. सगळी खरी कारणं आहेत.

टिटवी म्हणाली, "तू थेंबांचं बोललीच नाहीस. तुला तर चहाचा डाग चालत नाही."

"पुसू."

"मग माद्यांना काय आहे? गाठ आली तर काढता येते, आई. लवकर कळली तर. त्या म्हणाल्या ना."

मी ताटावर हात आपटला. पाण्याचा पेला आडवा झाला. असं मी कधी करत नाही. "जेवताना हे विषय नकोत," म्हटलं.

 सासूबाईंनी कवळी परत तोंडात घातली. ह्याने उठून पाणी पुसलं आणि टिटवीच्या खांद्यावर हात ठेवला. मला राग आला. पोरीला समज द्यायची सोडून गोंजारतोय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

लिहिणार नव्हते तरी लिहिते. तेवढीच आहे. बहुतेक. रोज बघून बघून बोटालाच आता खात्री राहिली नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कारखान्यात दात दुखतो असं सांगून निघाले. (कवळ्यांच्या कारखान्यात दुसरं काय सांगणार? मालक म्हणाले, काढून टाक, आपण नवा करू.) दवाखान्यात गेले, नंबर घेतला. सत्तावीस.

बाकावर सगळ्या बायकाच. कुणी विणतंय, कुणी कागदांची पिशवी उराशी धरून बसलंय. माझ्या शेजारची बाई डोक्याला रुमाल बांधलेली, माझ्याकडे बघून हसली. ओळखीचं हसतात तसं. जणू मी त्यांच्यातलीच. तळहात इतके ओले झाले की नंबराचा कागद फाटला.

सव्विसावी बाई आत गेली. आतून काही ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त हेच, की त्या दाराच्या अलीकडे मी बरी आहे. अलीकडे आहे तोवर बरी आहे.

मग आठवलं की एका गृहस्थांची वरची कवळी आज द्यायची आहे, त्यांच्या घरी परवा पाहुणे. माणूस बिनदातांचा कसा बसेल पाहुण्यांत? उठून आले. कवळी वेळेत दिली. पुढच्या आठवड्यात जाईन.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आले. काल, दोन नर, आठ आठवड्यांचे. टिटवी परवा अचानक म्हणाली, "घे तुला हवे ते." जिंकल्यासारखं वाटलं नाही.

पिंजरा सासूबाईंच्या खोलीत, कारण तिथे ऊन येतं. त्या चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, "नर आहेत हे ओळखायला चष्मा लागत नाही म्हणा." हा इतका हसला की त्याला ठसका लागला. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं ऐकलं.

एक करड्या डोक्याचा, पुढचे पंजे जोडून उभा राहतो, त्याचं नाव वकील. दुसरा पांढरा, गोल, तो भोपळा. टिटवीने दोघांना पालथं-उताणं करून बोटं फिरवली. "नरांना नको ना तपासायला," मी म्हटलं. "सगळ्यांनाच तपासायचं असतं," ती म्हणाली. "आई, तू कर ना. तुझी बोटं चांगली आहेत."

मी खोलीबाहेर गेले. खरंच भीती वाटते. त्यांच्या पंजाला माणसासारखी बोटं असतात, ते मला बघवत नाही.

शनिवार, १ मार्च

हा हल्ली लवकर घरी येतो. गावातल्या लिफ्टा बिघडायच्या थांबल्या की काय. आला की माझ्या हातातली पिशवी ओढून घेतो. काल दोन कांदे होते पिशवीत, तरी. नंतर ओट्याला टेकून उभा राहतो आणि "काय मग" म्हणतो. काय मग म्हणजे काय? मी म्हणते, काही नाही. तो अजून थोडा वेळ उभा राहतो. मला काम सुचत नाही.

दवाखान्यात गेले नाही. आठवडाभर कवळ्यांची गर्दी होती.

शुक्रवार, ७ मार्च

काल अर्धा दिवस सुट्टी होती. सासूबाई शेजारी गेल्या होत्या, घरात मी आणि ते दोघे. वकील जाळीला नाक लावून उभा. किती वेळ बघत होता. मी पिंजऱ्याचं दार उघडलं. का, ते सांगता येणार नाही. भीतीचाही कंटाळा येत असावा.

तो माझ्या हातावर आला. गरम होता, आणि त्याचं अख्खं अंग धडधडत होतं. मला वाटायचं की फक्त मीच घाबरते. मी एका बोटाने त्याच्या डोक्यावरून, मानेवरून, गळ्याखाली गेले.

जबड्याखाली, उजवीकडे, गाठ. मुगाएवढी.

परत बघितलं. होती.

त्याला पिंजऱ्यात ठेवलं, हात धुतला, वाटाणे सोलायला घेतले. टिटवी आली. "खाल्लं का त्यांनी?" विचारलं तिने. मी म्हटलं, खाल्लं.

नर होता ना तो.

शनिवार, ८ मार्च

वकिलाची आता वाटाण्याएवढी आहे. खातोय, पण हळू. टिटवीची परीक्षा सोमवारपर्यंत आहे, उगाच तिच्या डोक्याला ताप नको. त्यांची अंगं लवकर भरून येतात असं कुठेतरी ऐकलंय. उद्या रविवारची तपासणी असते, पण परीक्षा झाल्यावर करू असं मीच तिला सांगितलं.

मंगळवार, ११ मार्च

आज कामावर गेले नाही. वही काल दुपारी लवकर येताना पिशवीत टाकून आणली होती, आता घरीच आहे. स्वयंपाकघरात बसून लिहितेय. लपवण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

काल दुपारी टिटवी शेवटचा पेपर देऊन आली आणि आधी पिंजऱ्याशी गेली. मग तिची हाक आली. वकील कोपऱ्यात मान वर करून बसला होता. श्वास घेताना त्याची बाजू खोल आत जात होती, आणि शिट्टीसारखा बारीक आवाज. जबड्याखालची गाठ आता बोटाने शोधायची गरज नव्हती.

बुटांच्या खोक्यात घालून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ती धावतच होती. तरुण डॉक्टर होते, उंदराला त्यांनी लहान मुलाला घ्यावं तसं घेतलं. म्हणाले, "गळू आहे. खेळताना दुसऱ्याचं नख लागलं असेल. साधी गोष्ट आहे, पण फार वाढलंय, श्वासनळी दाबतेय. गुंगी देऊन पू काढतो, बघू. चार दिवस आधी आणला असता तर नुसत्या सुईने काम झालं असतं."

टिटवी म्हणाली, "चार दिवसांपूर्वी नव्हतं."

मी रिकामं खोकं उचलून तिच्या हातात दिलं. डॉक्टर त्याला आत घेऊन गेले.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. रिकामं खोकं तिच्या मांडीवर. ती वळून माझ्याकडे बघायला लागली. ही मुलगी बघते तेव्हा लपायला जागा राहत नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"गुरुवार."

"आणि गप्प बसलीस."

"मला वाटलं जाईल आपोआप."

ती रडली नाही. खोक्याचं झाकण बंद केलं, उघडलं, परत बंद केलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुझी पण आपोआप जाईल असं वाटतंय का तुला?"

मी म्हटलं, "माझी काय?" पण हात आपसूक डावीकडे गेला होता. तो खाली घ्यायचं मला सुचलं नाही.

"आजीच्या खोलीतल्या आरशासमोर उभी होतीस. जानेवारीत. दार पूर्ण लागलं नव्हतं. मावशी पण तशीच करायची, मला आठवतंय. मी वाट बघितली, तू सांगशील. मग मी वाचलं की उंदरांना पण येतात." तिचा आवाज फाटला. "मादी घेतली असती तर तुला बोलावंच लागलं असतं. तर तू नर घेतलेस."

 तिच्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधावी असं वाटलं आणि मी वाकून ती बांधली.

"बाबांना माहीत आहे?"

"मी सांगितलं. ते म्हणाले, तिला स्वतः सांगू दे, धरायला गेलं की ती पळते. ते रोज विचारतात ना तुला."

डॉक्टर बाहेर आले. ते काही बोलायच्या आधीच कळलं. गुंगीतच गेला म्हणाले, त्याला काही जाणवलं नाही.

टिटवी तेव्हा रडली. तान्ही असताना रडायची तशी, रस्ताभर. लोक बघत होते. मला वाटत होतं तिने थांबू नये, कारण थांबली की ती पुन्हा माझ्याकडे बघेल.

घरी हा दारातच उभा होता. मी म्हटलं, "मला गाठ आहे." एवढंच तोंडातून निघालं. त्याने मान हलवली. म्हणाला, "उद्याची आणि परवाची रजा टाकलीये. उद्या तू झोप, परवा जाऊ." आणि आत जाऊन टिटवीच्या हातातलं खोकं घेतलं. झाकण दोनदा त्याच्या हातून घसरलं. वीस मजल्यांवर दोरीला लटकून काम करणारा माणूस.

ताई सांगितल्यावर आजारी झाली, असं मी इतकी वर्षं धरून बसले होते. काल सांगितलं. आज मी कालच्यासारखीच आहे. नुसती जास्त घाबरलेय.

बुधवार, १२ मार्च

डॉक्टरबाईंनी विचारलं, कधी लागली हाताला? मी म्हटलं, सात आठवडे झाले. त्यांनी ते लिहून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यंत्रात तपासलं, सुईने तुकडा काढला. सुईच्या वेळी मी छताकडे बघत होते. पंख्याला तीन पाती. आठवड्याने या म्हणाल्या.

शनिवार, १५ मार्च

ताट वाढून घेते आणि तसंच परत ठेवते. सासूबाई तासातासाला काहीतरी पातळ करून आणतात आणि मी पिईपर्यंत समोर उभ्या राहतात. त्यांनाही सगळं ठाऊक होतं असं दिसतंय. या घरात ठाऊक नसलेली मी एकटीच होते.

भोपळा एकटा झुरतोय. कोपऱ्यात गोळा होऊन बसतो, वकील झोपायचा त्या जागेवर. टिटवी माझ्याशी कामापुरतं बोलते.

बुधवार, १९ मार्च

ताईला होती तीच आहे.

दोन सेंटिमीटरला जरा कमी. सत्तावीसला ऑपरेशन. डॉक्टरबाई बरंच काही सांगत होत्या, ह्याने कागदावर उतरवून घेतलं, मला फक्त त्याचं पेन दिसत होतं. परत येताना लिफ्ट बंद होती. हा सवयीने दार उघडून आत डोकावला, आणि मग तिथेच भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खाली उतरायला आम्हाला बराच वेळ लागला.

घरी टिटवीला मी सांगितलं. मी स्वतः, समोर बसवून, आकड्यांसकट. बाकी काही तिला मी देऊ शकत नव्हते. तिने ऐकलं आणि विचारलं, "मरणार का?"

"माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, बहुतेक नाही."

"बहुतेक म्हणजे किती?"

"ते मी विचारलं नाही. घाबरले."

"मी विचारते," ती म्हणाली. पुढच्या वेळी ती सोबत येणार आहे.

रविवार, २३ मार्च

उंदीरबाई स्वतः घरी आल्या, भोपळ्याला बघायला. म्हणाल्या, याला खच्ची करून घ्या, मग महिन्याभराने माद्यांबरोबरही ठेवता येईल, एकटा राहिला तर खायचं सोडेल. जनावरांच्या डॉक्टरांनी मंगळवार दिलाय. ह्याने विचारलं, "दुसरा काही इलाज नाही का?" आणि पाय आखडून घेतले. सासूबाई म्हणाल्या, "तुला कोण हात लावतंय?"

मी पण हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. चारच दिवस राहिले. ताईला आत नेताना तिने माझं बोट धरलं होतं, ते सोडवून घ्यावं लागलं होतं. मला तेच दिसत राहतं.

बुधवार, २ एप्रिल

उशीला टेकून लिहितेय. ऑपरेशन झालं. गाठ काढली, काखेतल्या काही ग्रंथीही. एका ग्रंथीत सापडलं, बाकी स्वच्छ. म्हणजे अजून औषधं, सलाइनं, केस जाणार. सात आठवडे आधी आले असते तर ती एक ग्रंथीही स्वच्छ असती का, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. मला वाटतं, त्यांनी दया केली.

हात खांद्याच्या वर जात नाही. कवळ्या कधी करता येतील माहीत नाही.

टिटवी रोज शाळेतून आली की पलंगावर बसते. काल म्हणाली, "मी पण चूक केली. तू बोलावंस म्हणून उंदरांचं नाटक कशाला केलं, सरळ विचारायला हवं होतं. मला भीती वाटत होती, विचारलं तर ते खरं होईल."

मी तिला जवळ घेतलं, उजव्या बाजूला. बोललं की खरं होतं, ही माझी समजूत हिला कुणी शिकवली? मीच. न बोलता.

शनिवार, २६ एप्रिल

पहिलं सलाइन होऊन पंधरा दिवस झाले. केस उशीवर यायला लागलेत. सोमवारी तपासणी आहे, कालपासून त्याचीच भीती. ही भीती जाईल असं मला वाटायचं. ती जात नाही, नुसती तारखा बदलते.

भोपळ्याचा महिना भरला. टिटवी उंदीर हा शब्दच काढत नव्हती. सकाळी मीच म्हटलं, चल. हा सोडायला आला, खाली थांबला.

तिसरा मजला चढायला चार वेळा थांबले. उंदीरबाईंनी खुर्ची दिली, माझ्या डोक्याच्या रुमालाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. पिंजऱ्यांकडे बोट करून म्हणाल्या, "खच्ची नराबरोबर दोन लहान नरही राहतील तुमच्याकडे. शांत आहेत. दाखवू?"

टिटवी जमिनीकडे बघत होती.

"माद्या दाखवा," मी म्हटलं.

पिंजऱ्यांकडे केलेलं बोट त्यांनी खाली घेतलं. "माद्यांचं मी सांगितलं होतं ना तुम्हाला? गाठींचं?"

"सांगितलं होतंत. आमच्याकडे तपासणारं माणूस आहे."

त्यांनी दोन बहिणी काढल्या, एक काळी, एक पिवळसर. पिवळसर टिटवीने उचलली. काळी माझ्या मांडीवर ठेवली, आणि बूड टेकणं माहीत नाही म्हणतात ते खरंच. ती मांडीवरून हातावर, हातावरून बाहीत. ओरडायला तोंड उघडलं तोवर ती दंडावरून वर चढली होती, टाक्यांच्या जागेपाशी, आणि तिथे काखेत अंग चोरून थांबली. तिची नखं कातडीला लागत होती. त्या भागात मला अजून धड काही जाणवत नाही, पण ती जाणवत होती. मी दगडासारखी बसले. 

टिटवी समोर गुडघ्यांवर बसली. तिने माझ्या बाहीवर हात ठेवला, अगदी हलका.

"आई," ती म्हणाली, "श्वास घे."

घेतला.